शिवालिकच्या कुशीतील लुप्त कपी



पंजाबपासून नेपाळपर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी डोंगरांची एक बुटकी रांग पसरलेली आहे. हिमशिखरांचे दर्शन घ्यायला निघालेला यात्रेकरू तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. ठिसूळ वाळूचे दगड, तांबूस माती आणि पावसाने कापलेल्या घळी, एवढेच तिचे बाह्यरूप. या रांगेला शिवालिक म्हणतात. हिमालय जसजसा उंचावत गेला, तसतसा त्यावरून उतरणाऱ्या नद्यांनी आपला गाळ पायथ्याशी आणून टाकला. कोट्यवधी वर्षे हे काम अखंड चालू होते. या गाळात प्राण्यांची हाडे पुरली गेली, त्यांचा दगड झाला आणि पुढे तोच गाळ डोंगर बनून वर उचलला गेला. पृथ्वीने आपली रोजनिशी लिहून ठेवावी आणि मग ती उघडून समोर धरावी, तसे हे आहे. आजचा विषय या रोजनिशीच्या काही पानांचा, म्हणजे एकेकाळी भारतभूमीवर नांदणाऱ्या आणि आता कायमच्या लुप्त झालेल्या कपींचा आहे.

आरंभी शब्दांचा खुलासा करायला हवा. आपण बोलताना माकड, वानर आणि कपी हे शब्द सरमिसळ वापरतो. प्राणिशास्त्र मात्र त्यांत भेद करते. शेपूट असलेली ती माकडे. लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर हे दोन्ही त्यांत आले. शेपूट नसलेले, रुंद छातीचे, मोठ्या मेंदूचे आणि दीर्घ बालपण असलेले ते कपी. चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान हे आजचे महाकपी होत, तर गिबन हे लहान कपी. मनुष्य याच कुळातला. मनुष्य चिंपांझीपासून झाला असे कोणताही जाणकार शास्त्रज्ञ म्हणत नाही. दोघांचा एक समान पूर्वज होता आणि तो आज अस्तित्वात नाही, एवढेच विज्ञानाचे म्हणणे आहे. चुलतभावाला कोणी आजोबा म्हणत नाही. उत्क्रांतीविषयीचे निम्मे गैरसमज हा एक भेद ध्यानात ठेवला तरी दूर होतात.

कालव्याचे अभियंते आणि हाडांचे डोंगर

शिवालिकमधील हाडांची वार्ता फार जुनी आहे. फिरोजशहा तुघलकाच्या काळात कालव्यासाठी टेकडी खोदताना हत्तींची आणि 'माणसांची' प्रचंड हाडे निघाल्याचा उल्लेख फिरिश्ताच्या इतिहासात आढळतो. ती हाडे अर्थातच लुप्त झालेल्या प्राण्यांची असणार. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि पुढे गंगेच्या कालव्यामुळे प्रसिद्धी पावलेले अभियंते प्रॉबी कॉटली यांनी या डोंगरांचा पद्धतशीर शोध घेतला. हत्तींचे अनेक प्रकार, राक्षसी कासव, पाणघोडे आणि जिराफाच्या कुळातला एक अवाढव्य प्राणी त्यांच्या हाती लागला. या शेवटच्या प्राण्याला त्यांनी 'शिवथेरियम', म्हणजे शिवाचा पशू, असे नाव दिले. १८३७ साली दोघांना लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे वोलास्टन पदक मिळाले. त्या वेळी डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध व्हायला अजून २२ वर्षे होती.

पहिला कपी मिळाला तो १८७९ साली. पंजाबात सापडलेल्या टाळूच्या एका तुकड्याचे वर्णन रिचर्ड लिडेकर यांनी प्रसिद्ध केले. पुढे १९१० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी काही दात-जबड्यांच्या आधारे 'शिवपिथेकस' हे नाव निश्चित केले. ग्रीक भाषेत 'पिथेकोस' म्हणजे कपी किंवा माकड. शिवालिकमधला कपी तो शिवपिथेकस. हा प्राणी माणसाच्या वाटेवरचा असावा, असा तर्कही पिलग्रिम यांनी १९१५ साली मांडला.

येथे एक प्रश्न सहज मनात येईल. असे जीवाश्म आपल्या महाराष्ट्रात का मिळत नाहीत? आपला सह्याद्री आणि दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडले, तेही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. कपींचे युग त्यानंतर कितीतरी काळाने आले. त्या काळाचा गाळ साठून टिकून राहावा अशी खोरी आपल्याकडे नव्हती. कपी येथे नसतीलच असे म्हणता येत नाही. त्यांची नोंद ठेवणारी वही मात्र येथे नव्हती. २०१८ साली कच्छमधून सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वीच्या कपीच्या वरच्या जबड्याचा तुकडा प्रसिद्ध झाला. त्यामुळे या प्राण्यांचा ज्ञात वावर शिवालिकपासून दक्षिणेकडे सुमारे हजार किलोमीटर सरकला.

रामाच्या नावाचा कपी

आता या कथेच्या गाभ्याकडे वळू. १९३२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे तरुण संशोधक एडवर्ड लुईस हिमाचल प्रदेशाच्या आजच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरितल्यांगर या गावी जीवाश्म शोधत होते. तेथे त्यांना वरच्या जबड्याचा उजव्या बाजूचा एक तुकडा मिळाला. चेहरा आखूड असावा, सुळा लहान असावा आणि दातांची कमान माणसासारखी वळणदार असावी, असे त्यांना त्यावरून वाटले. १९३४ साली त्यांनी त्याचे नामकरण केले 'रामपिथेकस'. त्याच संशोधनात 'सुग्रीवपिथेकस' आणि 'ब्रह्मपिथेकस' ही नावेही आली. परदेशी संशोधकांनी या भूमीतील देवतांची आणि रामायणातील पात्रांची नावे अशी योजावीत, याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे.

रामपिथेकस मनुष्याच्या शाखेचा आहे, हे लुईस यांचे मत तेव्हाच्या मोठ्या अधिकारी व्यक्तींना मान्य झाले नाही. विख्यात मानवशास्त्रज्ञ अलेश हर्डलिच्का यांनी १९३५ साली त्यावर कडक टीका केली आणि विषय मागे पडला. जवळजवळ पाव शतकानंतर चक्र उलटे फिरले. येलचेच एल्विन सायमन्स यांनी १९६१ साली तो तुकडा पुन्हा अभ्यासला आणि लुईस बरोबर होते, असे जाहीर केले. डेव्हिड पिलबीम हे तरुण सहकारी त्यांना येऊन मिळाले. सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा रामपिथेकस हा मानवाचा ज्ञात असलेला सर्वांत जुना पूर्वज, असा सिद्धांत जगभर मान्य झाला. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत तो पोहोचला. मनुष्याचा आद्य पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी जन्मला, हे ऐकून कोणत्या भारतीयाचे मन सुखावले नसेल?

परंतु मनाला सुखावणारी गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट या दोहोंत अंतर असते.

रक्ताची साक्ष

पहिला धक्का डोंगरातून नव्हे, प्रयोगशाळेतून बसला. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी १९६७ साली रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामागची कल्पना सोपी आहे. दोन प्राण्यांचे पूर्वज ज्या दिवशी वेगळे झाले, त्या दिवसापासून त्यांच्या प्रथिनांत हळूहळू फरक साचत जातो. फरक जितका जास्त, तितका वियोग जुना. कपी आणि जुन्या जगातील माकडे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी विभक्त झाली, हे गृहीत धरून त्यांनी हे घड्याळ लावले. मनुष्य, चिंपांझी आणि गोरिला यांचा वियोग अवघ्या ५० लाख वर्षांपूर्वीचा निघाला.

आता पेच उभा राहिला. मनुष्याची शाखा ५० लाख वर्षांपूर्वी फुटली असेल, तर १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा रामपिथेकस त्या शाखेवर असेल कसा? नातू जन्मण्यापूर्वीच त्याचा मुलगा कसा जन्मेल? जीवाश्मांचे अभ्यासक संतापले. रक्ताच्या थेंबावरून इतिहास सांगणाऱ्या या मंडळींनी कधी हातात हाड धरले आहे काय, असा त्यांचा एकूण सूर होता. हा वाद सुमारे पंधरा वर्षे चालला.

निकाल लागला तो पाकिस्तानातील पोटवार पठारावर. तेथील खडक शिवालिकचेच आहेत. निसर्गाच्या वहीला राजकीय सीमा ठाऊक नसते. १९७३ पासून तेथे पिलबीम यांच्या नेतृत्वाखाली मोहीम चालू होती. तिला शिवपिथेकसच्या चेहऱ्याचा बराचसा भाग मिळाला आणि १९८२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तोपर्यंत सगळी चर्चा दात आणि जबड्याच्या तुकड्यांवर चालली होती. आता प्रथमच चेहरा समोर आला. डोळ्यांच्या उभट खोबण्या, त्यांमधील अरुंद अंतर, आत वळलेला चेहरा आणि नाकाच्या तळाची गुळगुळीत रचना, ही सारी लक्षणे आजच्या एकाच प्राण्याशी जुळत होती. तो मनुष्य नव्हता. तो बोर्निओ-सुमात्राच्या अरण्यातला ओरांगउटान होता.

मग रामपिथेकसचे काय झाले? अधिक नमुने मिळाल्यावर असे दिसून आले की, ज्याला रामपिथेकस म्हटले जात होते तो शिवपिथेकसचाच लहान आकाराचा नमुना होता. अनेक कपींमध्ये मादी नरापेक्षा बरीच लहान असते आणि तिचे सुळेही छोटे असतात. माणसासारखी वाटणारी दातांची कमान ही तुकडे जुळवताना झालेली चूक होती, कारण जबड्याची मध्यरेषाच त्या तुकड्यात नव्हती. प्राण्याला आधी दिलेले नाव टिकते, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे. १९१० चे शिवपिथेकस राहिले, १९३४ चे रामपिथेकस गळाले.

या घटनेत सर्वांत लक्षणीय आहे ते पिलबीम यांचे वर्तन. ज्या सिद्धांतावर त्यांची कीर्ती उभी होती, तो सिद्धांत त्यांनी स्वतः शोधलेल्या पुराव्याने कोसळत होता. तो चेहरा त्यांनी झाकून ठेवला नाही की शब्दांचा कीस पाडून जुने मत सावरले नाही. आपण चुकलो, हे त्यांनी उघडपणे मान्य केले. कार्यकर्त्याने हा प्रसंग मनात जपून ठेवावा असा आहे. स्वतःला प्रिय असलेले मत पुराव्यापुढे सोडून देणे याला फार मोठे मनोबल लागते.

रामाचे नाव गेले म्हणून भारताचे काही उणे झाले का? मुळीच नाही. नाव हा पुरावा नव्हे. रामायणातील वानरांचा शोध या दगडांत घेणे हा त्या महाकाव्याचाही सन्मान नाही आणि विज्ञानाचाही नाही. त्या नावाचे मोठेपण एखाद्या जबड्याच्या तुकड्यावर कधीच अवलंबून नव्हते.

अजून न सुटलेले कोडे

आज शास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत असे आहे. कपींचा उगम आफ्रिकेत झाला. तेथील सर्वांत जुने अवशेष सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पुढे काही शाखा युरोप आणि आशियात पसरल्या. मध्य युरोपातील ड्रायोपिथेकस, तुर्कस्तानातील अंकारापिथेकस, चीनच्या युन्नानमधील लुफेंगपिथेकस आणि थायलंडमधील खोराटपिथेकस ही त्यांतील काही नावे. आज महाकपींच्या मोजक्याच जाती उरल्या आहेत. त्या काळात मात्र जगाच्या मोठ्या भूभागावर कपींची वर्दळ होती. शिवपिथेकस शिवालिकमध्ये सुमारे १ कोटी २७ लाख ते ८५ लाख वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे चाळीस लाखांहून अधिक वर्षे टिकून होता. आपल्या मानवजातीचे, होमो सेपियन्सचे, वय सुमारे तीन लाख वर्षे आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

परंतु त्याचे कोडे पूर्ण सुटलेले नाही. त्याचा चेहरा ओरांगउटानचा असला, तरी १९९० साली वर्णिलेली त्याची दंडाची हाडे ओरांगउटानसारखी फांदीला लोंबकळणाऱ्या प्राण्याची नाहीत. २०१५ साली वर्णिलेले कमरेचे हाडही असेच सांगते की, त्याचे धड रुंद नसून माकडासारखे अरुंद होते. मग ओरांगउटानशी त्याचे नाते खरे की चेहऱ्याचे साम्य योगायोगाचे? की लोंबकळण्याचे कौशल्य निरनिराळ्या कपींनी स्वतंत्रपणे मिळवले? अभ्यासकांत यावर एकमत नाही.

त्याच हरितल्यांगर परिसरातून १९६८ साली एका प्रचंड कपीचा खालचा जबडा हाती आला. पंजाब विद्यापीठाचे एस. आर. के. चोप्रा आणि सायमन्स यांनी तो १९६९ साली प्रसिद्ध केला. आज हा कपी 'इंडोपिथेकस' या नावाने ओळखला जातो. त्याच्याशी ज्याची तुलना केली जाते, तो चीनमधील महाकाय जायगँटोपिथेकस आणखी विलक्षण. १९३५ साली राल्फ फॉन कोनिग्सवाल्ड यांना त्याची पहिली दाढ हाँगकाँगच्या एका चिनी औषधांच्या दुकानात मिळाली. तेथे जुने दात 'ड्रॅगनची हाडे' म्हणून कुटून औषधात घालण्यासाठी विकले जात. आजवर त्याचे सुमारे दोन हजार दात आणि चार जबडे मिळाले, पण कवटी किंवा हातापायाचे एकही हाड नाही. त्यामुळे त्याच्या तीन मीटर उंचीचे जे आकडे सांगितले जातात, ते अंदाजच समजावेत. २०१९ साली त्याच्या सुमारे १९ लाख वर्षांपूर्वीच्या दाताच्या आवरणातून प्रथिने मिळवण्यात यश आले आणि तो ओरांगउटानचा दूरचा भाऊबंद ठरला. सॅरिच-विल्सन यांची ज्या पद्धतीबद्दल चेष्टा झाली, तिच्याच वारसदाराने हा निकाल दिला.

२०२० साली आणखी एक नाव आले. जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यातील रामनगर येथे मिळालेल्या सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या एका दाढेवरून ख्रिस्तोफर गिल्बर्ट, राजीव पटनायक आणि सहकाऱ्यांनी 'कपी रामनगरेन्सिस' ही जाती मांडली. 'कपी' हा आपलाच शब्द. गिबनचा हा सर्वांत जुना पूर्वज असावा, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, चीनमधील नव्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी त्यावर शंका घेतली आणि हा प्राणी गिबनच्या कुळातला नसावा असे म्हटले. रामपिथेकसची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटू नये. एका दाढेवर घर बांधताना पाया किती खोल आहे, हे पुन्हा पुन्हा पाहावेच लागते.

ते का गेले?

चाळीस लाखांहून अधिक वर्षे टिकलेला शिवपिथेकस नाहीसा का झाला? याचे उत्तर मातीने दिले आहे. वृक्ष आणि उष्ण प्रदेशातील गवते कार्बन निरनिराळ्या पद्धतीने साठवतात. त्याचा ठसा मातीत आणि चरणाऱ्या प्राण्यांच्या दातांत उमटतो. शिवालिकच्या थरांचा असा अभ्यास झाला, तेव्हा सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी जंगले मागे हटून गवताळ प्रदेश पसरल्याचे दिसून आले. पावसाचे ऋतुमान बदलले, कोरडा काळ लांबला. वर्षभर फळे देणारी अरण्ये विरळ झाली आणि फळांवर जगणारा कपी उपाशी पडला. कोणा शत्रूने त्याचा वध केला नाही. त्याचे घरच त्याच्या खालून निघून गेले.

जायगँटोपिथेकसचीही तीच कथा. दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतातील २२ गुहांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. २ लाख ९५ हजार ते २ लाख १५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात तो लुप्त झाला, असा त्याचा निष्कर्ष. हवामान बदलले, अरण्य विरळ झाले आणि या महाकाय प्राण्याला आपला आहार व वावर बदलता आला नाही. शेजारचा चपळ ओरांगउटान मात्र त्याच्यानंतरही टिकला. प्रचंड देह म्हणजे सामर्थ्य, असे आपण समजतो; परिस्थिती पालटली की तोच देह ओझे ठरतो.

जे उरले आहेत

हा सारा इतिहास ऐकून घरी गेल्यावर विसरण्याजोगा नाही, याचे कारण शिवपिथेकसच्या कुळाशी नाते सांगणारा ओरांगउटान आज मरणपंथाला लागला आहे. एकेकाळी दक्षिण चीनपासून जावापर्यंत त्याचा वावर होता. आज तो केवळ बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांवर उरला आहे. त्याच्या तीन जातींपैकी तापानुली ही जाती २०१७ साली वेगळी म्हणून ओळखली गेली आणि तिचे आठशेहूनही कमी प्राणी शिल्लक असल्याचा अंदाज त्याच वेळी वर्तवला गेला. ओरांगउटानची मादी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा पिलाला जन्म देते. इतक्या संथ गतीने वाढणारी प्रजा एकदा घटली की सहजासहजी भरून निघत नाही.

त्याची अरण्ये तोडली जातात ती मुख्यतः लाकूड आणि पाम तेलाच्या लागवडीसाठी. पाम तेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार देश भारत आहे. बिस्किटे, फरसाण, साबण आणि तळणाचे तेल यांच्या रूपाने ते मध्यमवर्गीय घरांत रोज येते. लाखो वर्षांपूर्वी हवामानाने जे केले, ते आज आपली बाजारहाट काही दशकांत करू शकते.

आणि आपल्या देशातही कपी आहे. भारतात निसर्गतः राहणारा एकमेव कपी म्हणजे ईशान्येकडील हूलॉक गिबन. नराचा रंग काळा, पांढऱ्या भुवया, लांब हात आणि पहाटे अरण्यात घुमणारी जोडप्याची साद. आसामात जोरहाट जिल्ह्यातील होलोंगापार अभयारण्य त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याचे क्षेत्र जेमतेम २१ चौरस किलोमीटर आहे, सभोवती चहाचे मळे आहेत आणि मधून रेल्वेमार्ग जातो. गिबन जमिनीवर क्वचितच उतरतो. झाडांचे छत जेथे तुटते, तेथे त्याची वाट संपते. त्या रुळांच्या दोन बाजूंचे गिबन एकमेकांपासून तुटतात, ते याचमुळे. शिवपिथेकसचे घर निसर्गाने काढून घेतले. हूलॉकचे घर राखणे मात्र आपल्या हाती आहे.

शेवटी एक गोष्ट. लुईस यांना हरितल्यांगरला मिळालेला तो जबड्याचा तुकडा आज येलच्या संग्रहालयात आहे. फाल्कनर यांनी गोळा केलेल्या शिवालिकच्या जीवाश्मांचा मोठा भाग लंडनमध्ये आहे. त्याबद्दल नुसती हळहळ व्यक्त करून काही साधणार नाही. शिवालिकच्या घळी दर पावसाळ्यात नवे थर उघडे करतात आणि उघडे पडलेले अवशेष पुढच्या पावसात वाहूनही जातात. ते पाहणारे, ओळखणारे आणि जपणारे डोळे या देशातच तयार व्हायला हवेत. हिमाचलातील सुकेती येथे १९७४ पासून जीवाश्म उद्यान आहे. सुट्टीत मुलांना घेऊन हिमाचलला जाणाऱ्या कुटुंबांनी एक दिवस त्यासाठी ठेवावा. एखाद्या मुलाने तेथे विचारलेला प्रश्न उद्याचा संशोधक घडवू शकेल. त्या मुलाला उत्तर देताना मात्र आपल्याला आवडेल ते नव्हे, तर दगडाने जे सांगितले आहे तेच सांगावे.